चौसष्ट पाचरी

ही वाचणार नाही असं कळलं तो दिवस मंगळवार होता. संध्याकाळी हॉलमध्ये चाळीस वादकांची मैफल होती आणि मी सकाळपासून हॉलच्या लाकडी जमिनीखाली पालथा पडून काम करत होतो. काम संपवून झडपेतून डोकं वर काढलं, तर क्लोकरूमच्या खिडकीत लेक उभी. तिच्या आईच्या जागी तिला बघून मला आधी बरं वाटलं. मग तिचा चेहरा दिसला.

"बाबा, रिपोर्ट आले. चला."

"हातपाय धुतो."

"तसेच चला."

तसाच गेलो. हॉस्पिटलात ही उशीला टेकून बसली होती. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, तिला सगळं ठाऊक होतं. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "अहो, गुडघ्यांना किती माती ती! पलंगाला टेकू नका, चादर पांढरी आहे."

मी उभाच राहिलो.

"आज मैफल ना? क्लोकरूमला कोण आहे?"

"कोणी नाही. लोक कोट मांडीवर घेऊन बसतील."

"बसू देत. नाहीतर कुणाचा तरी कोट कुणाला देऊन मोकळे व्हाल तुम्ही."

त्यानंतर ती अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. मला लिहायचं आहे ते हॉलबद्दल आणि माझ्या हातून झालेल्या चुकीबद्दल.

हॉलमध्ये सगळे मला जमीनदार म्हणतात. नावावर वीतभर जमीन नाही. पण एक्केचाळीस वर्षं या हॉलची लाकडी जमीन मी राखली, म्हणून जमीनदार. हे नाव हिनंच ठेवलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती मैत्रिणीला सांगत होती, "माझा नवरा मोठा जमीनदार आहे गं, सगळी जमीन पायदळी तुडवली जाते एवढंच." तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच.

हॉल एकशे बारा वर्षांचा आहे. एका साखरेच्या व्यापाऱ्यानं तो बांधला. त्याचा एक पाय आखूड होता, त्याला स्वतःला नाचता येत नव्हतं. पण नाचणारी माणसं बघायला त्याला फार आवडायचं. म्हणून त्यानं तीन बाजूंनी गॅलरी काढली, आणि खाली अशी जमीन केली की नाचणाऱ्याचे पाय दुखूच नयेत. लाकडी पट्ट्या तुळयांवर ठोकलेल्या आणि तुळया स्प्रिंगांवर बसवलेल्या. माणसं नाचू लागली की सगळी जमीन बोटाच्या पेराएवढी खाली जाते आणि वर येते. साठीची जोडपी चार-चार तास नाचून घरी चालत जायची.

मैफलीला मात्र हेच नडतं. आठशे खुर्च्या मांडल्या, पियानो आणला आणि लोक बसले की जमीन डुलते. वाजवणाऱ्याचा हात हलतो. म्हणून तुळयांखाली विटांचे चौसष्ट खांब उभे केले आहेत. खांब आणि तुळई यांच्यात दोन बोटांची फट. मैफल असली की प्रत्येक फटीत एक लाकडी पाचर ठोकायची. जमीन जागच्या जागी घट्ट बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पाचरी काढायच्या. जमीन पुन्हा मोकळी. खालची पोकळी जेमतेम अडीच फूट उंच आहे, तिथं सगळं काम सरपटत करावं लागतं. माझे वस्ताद सांगायचे, "पाचर म्हणजे पाहुणा. एक रात्र ठीक. दुसऱ्या रात्री तो घरचा होऊन बसतो."

हॉलचा इतिहास कोणी विचारला तर मी जमिनीकडे बोट दाखवतो. पूर्वेच्या भिंतीलगत गोल खड्ड्यांच्या दोन रांगा आहेत. लढाईच्या काळात इथं चार वर्षं इस्पितळ होतं, लोखंडी पलंगांच्या पायांचे ते खड्डे. वस्तादांच्या वडिलांनी ते भरू दिले नाहीत. मधोमध चार भोकं बुजवलेली दिसतात, तिथं एका हिवाळ्यात मुष्टियुद्धाचा आखाडा बांधला होता. पश्चिमेला शाईचे डाग आहेत, सहा वर्षं इथं परीक्षा व्हायच्या. एका पुरात पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं. जमीन वाचली, पण खालच्या स्प्रिंगा भिजल्या. वस्ताद तेव्हा विशीत होते. त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी एकेक स्प्रिंग चिंधीनं पुसून तेल लावलं. महिना गेला त्यात. एक जाडजूड गायिका यायच्या, त्या गाण्याआधी टाच तीनदा आपटून बघायच्या. एकदा त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "इथं काहीतरी सैल आहे." मी खाली गेलो. चौथ्या रांगेतली एक पाचर खरंच सैल होती.

आणि सगळ्या जमिनीभर बारीक बारीक टोचे आहेत. बायकांच्या बुटांना पेन्सिलीएवढ्या टाचा आल्या त्या वर्षीचे. एका मोसमात त्या टाचांनी जे केलं ते चार वर्षांत पलंगांनी केलं नव्हतं. ही त्याच सुमारास क्लोकरूमला लागली. तेवीस वर्षांची होती. तिनं चामड्याच्या तुकड्यांच्या छोट्या टोप्या शिवल्या, टाचेला घालायच्या. कोट घेताना बाईला दोन टोप्या द्यायच्या. कोणी नाक मुरडलं की म्हणायची, "टोपी नाही तर नाच नाही. आमच्या जमीनदाराला रडू येतं." मग मोठमोठ्या घरच्या बायका खाली वाकून टाचांना टोप्या घालायच्या. मी तिला लग्नाचं विचारलं ते त्या टोप्या बघून. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतं.

जमिनीखाली जायची झडप क्लोकरूममध्येच आहे. तिच्या वर भिंतीला खुंट्यांची एक मोठी फळी आहे. चौसष्ट खुंट्या, चौसष्ट आकडे. बाहेर काढलेली पाचर आपापल्या खुंटीला टांगायची. फळी भरलेली असली तर जमीन मोकळी, फळी रिकामी असली तर पाचरी आत. वस्तादांच्या आधीपासूनची रीत आहे ही. काढणं माझं काम, मोजणं क्लोकरूमवालीचं. नाचाच्या दिवशी ही आधी फळी मोजायची आणि मगच मोठं दार उघडायची.

एकदा बाहेर दोनशे माणसं ताटकळली होती आणि ही दार उघडेना.

"त्रेसष्ट आहेत," ती म्हणाली.

"पडली असेल कुठंतरी एक. उघड दार."

"पडली असेल तर शोधा. आत राहिली असेल तर काढा. मी उघडत नाही."

मी खाली जाऊन सगळ्या रांगा सरपटत बघितल्या. वर आलो तेव्हा ही माझ्या मागच्या खिशाकडे बघत होती. पाचर खिशात होती. "काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली आणि दार उघडलं. पुढं पंधरा वर्षं मी झडपेतून वर आलो की ती आधी माझा खिसा चाचपायची. लोक हसायचे. लोकांचं सोडा, मीही हसायचो.

ही गेल्यावर महिनाभर मी घरात बसून होतो. त्याच महिन्यात हॉलच्या छताचा गिलावा पडला. कोणाला लागलं नाही, पण समितीनं हॉल बंद केला आणि सगळी इमारत तपासायला एक अभियंता बाई नेमल्या. मी कामावर परत आलो. खिडक्या उघडायच्या, झाडलोट करायची, तेवढंच काम होतं. क्लोकरूमला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याच जुडग्यात होती. सात महिने मी ती लावली नाही. दारावरून जाताना पलीकडच्या भिंतीकडे बघत जायचो.

अभियंता बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी जमीन तपासली तेव्हा टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं. वाळूची पिशवी गुडघाभर उंचीवरून टाकायची आणि शेजारी ठेवलेल्या यंत्रावर आकडा वाचायचा. नऊ ठिकाणी टाकली. त्यांनी विचारलं, "काका, खाली काही टेकू, आधार वगैरे दिलाय का?"

"काही नाही," मी म्हणालो. "मोकळी आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी अहवाल आला. छत दुरुस्त होईल. भिंती चांगल्या आहेत. जमिनीची लवचीकता पूर्ण गेली आहे, ती उखडून काँक्रीट घालावं आणि कायमच्या खुर्च्या बसवाव्यात. म्हणजे मैफली होतील, नाच कधीच होणार नाही. समितीची बैठक दहा दिवसांनी, सोमवारी दुपारी होती. त्यात हे मंजूर व्हायचं होतं.

मी थेट बाईंच्या अंगावर गेलो. त्या गॅलरीत मापं घेत होत्या. सगळ्या सुतारांसमोर मी म्हणालो, "बाई, तुमचं वय आहे तितकी वर्षं मी या जमिनीखाली पालथा पडलोय. पुस्तकं वाचून जमीन कळत नाही."

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा काका, ती हलत का नाही?"

मी खाली आलो आणि मधोमध उभा राहून टाचा उचलून दाबल्या. खरंच हलत नव्हती. सात महिने रोज तिच्यावरून चालत होतो, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाय जड पडतात ते माझेच, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. पियानो जुळवायचं काम करतो. हॉल बंद असला तरी दर दोन महिन्यांनी येऊन पियानोची विचारपूस करतो. ही त्याला कानसेन म्हणायची, कारण त्याला गाता येत नाही, पण चुकलेलं सगळ्यात आधी ऐकू येतं. मी त्याला अहवाल दाखवला. त्यानं तो वाचलाच नाही. खिशातून लाकडी हातोडी काढली, गुडघ्यावर बसला आणि जमिनीवर ठोकत ठोकत भिंतीपर्यंत गेला.

"भावोजी," तो तिथूनच म्हणाला, "कुजलेलं लाकूड भद्द वाजतं. हे टणक वाजतंय. मैफलीच्या दिवशी वाजतं तसं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही पाचरी काढल्या होत्या का?"

"एक्केचाळीस वर्षं काढतोय."

"एक्केचाळीस वर्षांचं नाही विचारत. शेवटच्या मैफलीनंतर काढल्या होत्या का?"

शेवटच्या मैफलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसलो होतो. पण काढल्या नाहीत असंही मला आठवत नव्हतं. काढल्याच असणार. नेहमी काढतोच.

"फळी बघा," मेहुणा म्हणाला.

मी किल्ली त्याच्या हातात दिली. त्यानं ती परत माझ्या हातात ठेवली. "ताईची खोली आहे. तुम्ही उघडा."

उघडली. खिडकीजवळ तिचं स्टूल होतं, टोप्यांचा डबा होता, कोटाचे बिल्ले ओळीनं लावलेले होते. फळीवर एकही पाचर नव्हती. चौसष्ट रिकाम्या खुंट्या.

मी तिच्या स्टुलावर बसलो. चूक साधी होती. आमच्या कामात माझी चूक धरायला ती होती. ती गेली आणि मी चुकलो तेव्हा मोजायला कोणी नव्हतं. त्यावर बाईंनी विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे "मोकळी आहे" सांगितलं. हॉलच्या जमिनीला मेली म्हणायला लावलं ते मीच.

मेहुणा म्हणाला, "हे बघा, कोणाला सांगायची गरज नाही. दोघं मिळून गुपचूप काढू. मग तुम्ही म्हणा, बाईंचं यंत्र बिघडलं होतं, पुन्हा तपासा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तिचं यंत्र बरोबर होतं."

"हो, पण हे तिला कुठं माहीत आहे?"

मला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. आदल्याच दिवशी मी त्या बाईला पुस्तकी म्हणालो होतो, तेही सुतारांसमोर. पण मूठ झाकून ठेवली तर समिती पुन्हा तपासायला सांगणार कशाच्या जोरावर? मी चिडलो म्हणून? आणि सांगितलंच, तरी त्या मुलीच्या नावावर खोटा डाग लागणार. ही असती तर एवढंच म्हणाली असती की आधी मोजा.

"तू जॅक आण गाडीचा," मी मेहुण्याला म्हणालो. "मी बाईंकडे जाऊन येतो."

बाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला गुंडाळून उभे केलेले नकाशे. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खांब, फटी, पाचरी, फळी. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग कपाटातून कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

"मी विचारलं होतं, काका. तुम्ही मोकळी आहे म्हणालात. हे बघा, तुमच्या नावानिशी लिहिलंय."

"मला ते खरं वाटत होतं."

"माझा सगळा अहवाल या एका वाक्यावर उभा आहे."

"म्हणून तर आलो. चूक माझी आहे. ती लिहून देतो. काल जे बोललो तेही मागे घेतो."

त्यांनी माझ्यासमोर कोरा कागद सरकवला. मी लिहिलं. दोन ओळींचं काम. सही केल्यावर त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाळी दहाला पुन्हा तपासते. बारा वाजता बैठक आहे. जे दिसेल ते लिहीन. तुमच्या बाजूनं काही लिहिणार नाही आणि तुमच्या विरुद्धही नाही."

"तेवढंच पाहिजे."

"आणि काका, आकडे घेताना त्या दिवशी टेप तिरकी धरली होती तुम्ही. ते मात्र मी तेव्हाच दुरुस्त केलं."

हातात आठ दिवस होते. एरवी चौसष्ट पाचरी काढायला मला दोन तास लागतात. खाली गेलो तर कळलं, पाहुणे घरचे झाले होते. पोकळीतल्या ओलीनं पाचरी फुगल्या होत्या आणि तुळया त्यांच्यावर बसल्या होत्या. पहिल्या दिवशी चार निघाल्या. मेहुणा वरून हातोडीनं ठोकून कोणती तुळई कुठं अडलीय ते ओरडून सांगायचा. मी खाली जॅक लावून तुळई केसभर उचलायचो आणि पाचर हळूहळू मागे ठोकायचो. केसभर म्हणजे केसभरच. जास्त उचलली तर पट्ट्या उकलतात.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मेहुण्यानं तिला सगळं सांगून टाकलं होतं.

"बाबा, अडसष्ट वर्षांचे आहात तुम्ही. पंचायत करून घ्याल खाली. आईनं तुम्हाला जाऊ दिलं असतं का?"

"जाऊ दिलं असतं. वर आल्यावर खिसा तपासला असता."

ती म्हणाली, "मी उद्या सुट्टी टाकते. मामाला खाली पाठवू नका, त्याचं पोट अडकेल."

ती आली. ती झडपेशी बसायची, दिवा धरायची, मी वर दिलेली पाचर पुसून तिच्या आकड्याच्या खुंटीला टांगायची. मामा-भाचीचं दिवसभर चालायचं.

"मामा, नीट ठोक. मघाशी दोनदा चुकीची सांगितलीस."

"चुकीची नव्हती. तुझा बाप डावीकडे सांगितलं की उजवीकडे जातो. तुझी आई तेच म्हणायची."

"ऐकतोय मी," मी खालून ओरडायचो.

"ऐकायलाच बोलतोय," वरून उत्तर यायचं.

पाचव्या दिवशी मी घाई केली. बेचाळीस निघाल्या होत्या आणि उरलेल्या उत्तरेच्या बाजूला होत्या, जिथं ओल सगळ्यात जास्त. एक पाचर तासभर हलेना. मी जॅकला एक फेरा जास्त दिला. वर मेहुणा ओरडला, "थांबा!" पण त्याच्या ओरडण्याआधीच मला आवाज आला होता. तुळईला हातभर तडा गेला. मी तिथंच पालथा पडून राहिलो. तोंडात धूळ होती. लेक विचारत होती, "बाबा, लागलं का? बाबा?" मला लागलं नव्हतं. जॅक उतरवला, तड्याच्या दोन्ही बाजूंना फळ्या आवळून बांधल्या आणि वर आलो.

"आज पुरे," मेहुणा म्हणाला.

"आज पुरे," मी म्हणालो. "उद्या पुन्हा एकेक फेरा."

त्यानंतर घाई केली नाही. पुढच्या तीन दिवसांत अकरा निघाल्या. सोमवारी सकाळी लेकीनं फळी मोजली, मग मामानं मोजली, मग मी मोजली. त्रेपन्न. उत्तरेच्या अकरा आतच होत्या.

बाई बरोबर दहाला आल्या. आधी क्लोकरूममध्ये जाऊन त्यांनी फळी स्वतः मोजली. मग मला म्हणाल्या, "आज टेप नका धरू. बाजूला उभे राहा." पहिली पिशवी मधोमध टाकली. यंत्राकडे बघायची मला गरज नव्हती, माझ्या तळव्यांना कळलं. दक्षिणेला टाकली, तिथंही तेच. पूर्वेला, जुन्या पलंगांच्या खड्ड्यांशी टाकली, तिथं थोडी कमी, पण जिवंत. उत्तरेला तीन ठिकाणी टाकली, तिथं दगड. बाईंनी नऊही आकडे लिहिले. दगडाचे तीन आकडे लिहितानाही त्यांचा हात थांबला नाही.

बारा वाजता समितीत त्यांनी नवे आकडे जुन्यांच्या शेजारी मांडले आणि माझा कागद वाचून दाखवला. खोलीत नऊ माणसं होती. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे एका माणसाच्या विसरभोळेपणापायी आपण शंभर वर्षांची जमीन फोडायला निघालो होतो?"

"हो," मी म्हणालो.

"आणि अजूनही त्याच माणसाच्या हाती किल्ल्या आहेत?"

"शेवटची पाचर निघाली की किल्ल्या घ्या. आत्ता घेतल्यात तर त्या अकरा कोण काढणार?"

अध्यक्ष गालातल्या गालात हसले. "जमीनदार, तुम्हाला नोकरीची काळजी दिसत नाही."

"मला जमिनीची काळजी आहे. माझ्यावर सोडू नका एवढंच सांगतोय. पाचरी काढणारा एक आणि मोजणारा दुसरा, अशी रीत आहे. मोजणारी गेली आणि तुम्ही तिची जागा भरली नाही. मीही बोललो नाही. ती जागा भरा."

"ती जागा रद्द झाली आहे," चिटणीस कागद चाळत म्हणाले.

"मग पुन्हा करा. नाहीतर मी गेल्यावर दुसरा कोणी विसरेल आणि तेव्हा बाई नसतील."

तासभर वाद चालला. शेवटी ठरलं ते असं. काँक्रीटचा ठराव सहा महिने पुढं ढकलायचा. तेवढ्यात उत्तरेची बाजू मोकळी झाली, तडा गेलेली तुळई दुरुस्त झाली आणि बाईंचे आकडे सगळीकडे नीट आले, तर जमीन राहील. नाही आले, तर सगळी उखडायची. अर्धी ठेवायची नाही. क्लोकरूमच्या जागेचा विचार नंतर करू, असं लिहिलं. मी चिटणिसांना तो "नंतर" हा शब्द खोडून तारीख घालायला सांगितली. त्यांनी घातली नाही. मी दर सोमवारी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहतो.

याला आता सात आठवडे झाले. उत्तरेच्या भिंतीला दोन झरोके पाडून घेतले, ओल कमी झाली आहे. तुळईला दोन्ही अंगांनी पोलादी पट्ट्या मारल्या. मेहुणा शनिवारी येतो, लेक रविवारी. इतर दिवशी मी एकटा खाली जातो, दिवसाला एक फेरा, जास्त नाही. अकरातल्या सात निघाल्या. चार पाचरी अजून आत आहेत आणि फळी मोजायला अजून कोणी नेमलेलं नाही.